एका नावाचे दोघे

‘युरी!!! ऑन आइस’ या जपानी सचेतन मालिकेच्या पहिल्याच भागात एक प्रसंग येतो. सोचीच्या ग्रां प्री अंतिम स्पर्धेत सहा जणांत सहावा आलेला २३ वर्षांचा युरी कात्सुकी स्वच्छतागृहात दार लावून रडत बसला आहे. बाहेरून त्या दारावर लाथ बसते. दार उघडून तो पाहतो, तर समोर सोनेरी केसांचा, काटकुळा, रागाने लाल झालेला एक रशियन मुलगा उभा. त्याचे नावही युरीच, युरी प्लिसेत्स्की. वय १५. पुढच्या वर्षी आपण वरिष्ठ गटात उतरणार आहोत, एका गटात दोन युरींची गरज नाही, तेव्हा तुझ्यासारख्याने लगेच निवृत्त व्हावे, एवढे तोंडावर सुनावून तो निघून जातो.

हा प्रसंग प्रथम पाहताना त्याचा अर्थ लावायला आपण थांबतही नाही. क्रीडाविषयक कथानकांत उर्मट प्रतिस्पर्धी असतोच. नायकाला खिजवणे, त्याच्यातली ईर्षा जागी करणे आणि शेवटी त्याच्याकडून हरणे ही त्याची नेमून दिलेली कामे. मात्र या मालिकेचा बारावा, म्हणजे शेवटचा भाग पाहून झाल्यावर मी पुन्हा पहिल्या भागाकडे वळले, तेव्हा ती लाथ मला निराळी दिसली. हा लेख त्या निराळेपणाविषयी आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. सायो यामामोतो यांचे दिग्दर्शन आणि मित्सुरो कुबो या चित्रकथालेखिकेचे लेखन असलेली ही १२ भागांची मालिका मापा या स्टुडिओने केली आणि ती ऑक्टोबर ते डिसेंबर २०१६ या काळात जपानी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. त्यातील स्केटिंगच्या रचना केन्जी मियामोतो या प्रत्यक्षातल्या नृत्यदिग्दर्शकाने बसवल्या. क्यूशू बेटावरील हासेत्सु नावाच्या काल्पनिक गावात (त्याचे मूळ सागा प्रांतातील कारात्सुमध्ये आहे) हरून परतलेला कात्सुकी आणि त्याला शिकवण्यासाठी अचानक तेथे येऊन धडकलेला रशियन जगज्जेता व्हिक्टर निकिफोरोव यांची ही कथा. मालिकेवर जे विपुल लिहिले गेले, ते बहुतेक या दोघांच्या नात्याविषयी. आणि ते योग्यच आहे, कारण दोन पुरुषांमधले प्रेम इतक्या सहजपणे, कसलाही गवगवा न करता क्रीडाकथेत आणणे ही लहान गोष्ट नव्हती. पण या प्रेमकथेच्या उजेडात तो पंधरा वर्षांचा मुलगा कडेला पडला. चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतले हे खरे. विचार मात्र त्याचा फारसा कोणी केला नाही.

वर्गात नाट्यशास्त्रविषयक संज्ञा शिकवताना आपण ‘प्रतिनायक’ हा शब्द वापरतो. धनंजयाने ‘दशरूपका’त त्याची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत तो लोभी, धीरोद्धत, हट्टी, पापाचरणी आणि व्यसनी असतो. पुढे आपल्याकडे या शब्दाची जागा सर्रास ‘खलनायका’ने घेतली आणि मधला एक सूक्ष्म भेद पुसला गेला. प्रतिनायकाला सहानुभूती मिळवून द्यायची आधुनिक लेखकाची एक ठरलेली वाट आहे: त्याच्यावर झालेला अन्याय दाखवायचा. ‘मृत्युंजय’च्या वाचकाला हे सांगण्याची गरज नाही. कर्णाचा पराक्रम आपल्याला भावतो तो त्याच्या वंचनेसह. प्लिसेत्स्कीच्या बाबतीत मालिकेने ही वाट घेतलेली नाही. त्याच्यावर अन्याय झालेला नाही. कनिष्ठ गटाची विश्वविजेतेपदाची स्पर्धा चौपट फिरकीच्या उड्या न घेता जिंकलास तर तुझ्यासाठी रचना बसवून देईन, असे वचन व्हिक्टरने त्याला दिले होते आणि व्हिक्टर ते विसरला, एवढीच काय ती त्याची तक्रार. त्या तक्रारीपायी हा मुलगा एकटा रशियातून उठून जपानच्या एका आडगावी येतो. मला तर हा वसुलीला आलेल्या सावकाराचा बाणा वाटतो, आणि तो फार गोड वाटतो.

हासेत्सुत आल्यावर पहिली अडचण येते ती नावाची. एका घरात दोन युरी कसे चालणार? कात्सुकीची थोरली बहीण मारी बसल्या जागी त्याचे ‘युरिओ’ करून टाकते. त्याला ते मुळीच आवडत नाही, पण गाव ते उचलते आणि मग ते त्याला चिकटते. रशियाचा हिमव्याघ्र म्हणून मिरवू पाहणारा हा मुलगा एका खेड्यातल्या खानावळीत परस्पर बारसे होऊन बसतो. पहिल्या भागात ज्याने दुसऱ्या युरीला हाकलायला निघावे, त्याचेच नाव दुसऱ्या भागात काढून घेतले जावे, ही या लेखनातली खोडकर न्यायबुद्धी आहे. तोही गप्प बसत नाही. कात्सुकीला तो नावाने हाक मारत नाही. त्याच्या आवडत्या पदार्थावरून, म्हणजे भातावर डुकराच्या मांसाचा तळलेला तुकडा आणि अंडे घालून करतात त्या ‘कात्सुदोन’वरून, तो त्याला संबोधतो. अशा रीतीने ज्या नावासाठी भांडण, ते नाव दोघांपैकी कोणीच दुसऱ्यासाठी वापरत नाही. मालिकेच्या शीर्षकात मात्र तेच नाव आहे आणि ते कोणत्या युरीचे, हे शीर्षक सांगत नाही.

हे वाचताना कोणाला ही फार बारीक कातरणी वाटेल. पण एका वर्गात एकाच नावाने दोघींनी वावरणे म्हणजे काय, हे मला चांगले ठाऊक आहे. एम.ए.च्या आमच्या वर्गात माझ्या नावाची आणखी एक मुलगी होती. हजेरी घेताना सर थांबत, चष्म्यावरून पाहत आणि ‘सांगलीची’ किंवा ‘नगरची’ असे जोडून नाव घेत. मी नगरची. निबंधाचे कागद परत मिळत तेव्हा वर कोणाचा आणि खाली कोणाचा, हे मी नावावरून नव्हे, तर शाईच्या रंगावरून ओळखत असे. तिची शाई काळी होती. वर बहुधा काळी शाईच असे. तिच्याविषयी पुढे सांगते.

हासेत्सुच्या रिंकवर व्हिक्टर दोघांना दोन रचना देतो. दोन्हींचा विषय प्रेम, एकीचे नाव ‘इरॉस’ आणि दुसरीचे ‘अगापे’. स्वभावाकडे पाहून जे कोणीही ठरवले असते त्याच्या नेमके उलट वाटप तो करतो. लाजाळू कात्सुकीला शृंगार मिळतो, आणि या धुमसत्या पोराला निरपेक्ष, काही न मागणारे प्रेम. प्लिसेत्स्की वैतागतो. अगापे म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलेले नाही आणि सांगून कळण्यासारखे ते नाही. शेवटी धबधब्याखाली बसवले असता त्याला त्याचे आजोबा आठवतात, लहानपणी त्याला रिंकवर नेणारे.

येथे मला शिक्षकी सवयीने एक प्रश्न पडतो. ‘अगापे’साठी मराठीत कोणता शब्द घ्यावा? करुणा म्हणावे तर त्यात देणारा उंचावर असतो. भक्ती म्हणावी तर घेणारा उंचावर असतो. वात्सल्य जवळचे आहे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वत्सल हा दहावा रस मानला, पण तेथे आश्रय आईबापांचा आणि आलंबन मूल. आजोबांनी आपल्यावर निरपेक्ष प्रेम केले, हे अंगावर रोमांच उभे राहावेत इतक्या उशिरा आणि इतक्या अचानक कळणाऱ्या नातवाच्या मनात जे दाटते, त्याला आपल्या शास्त्रात वेगळी खोली नाही. प्लिसेत्स्की आपल्या रचनेत नेमके ते करायला बघतो. ज्याच्यावर प्रेम केले गेले, त्याच्या बाजूने तो वात्सल्य नाचतो. कोवळ्या मुलाच्या स्वरातले गाणे त्याला साथ देते, आणि तो स्वर वयानुसार फुटणार आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. त्या गावातल्या लढतीत कात्सुकी जिंकतो. त्याचा इरॉस पाहूनच प्लिसेत्स्की निकाल जाहीर व्हायच्या आत निघून जातो. मुलगा उर्मट असला तरी त्याला दृष्टी आहे, हे तेथे पहिल्यांदा जाणवते.

वयाचा विषय निघाला आहे तर तो नीट मांडायला हवा, कारण माझ्या मते या पात्राचा सगळा ताण तेथे आहे. रशियात परतल्यावर प्रशिक्षक याकोव त्याला आपल्या घटस्फोटित पत्नीच्या, लिलिया बारानोव्स्काया या एकेकाळच्या प्रमुख बॅलेनर्तिकेच्या स्वाधीन करतो. (प्लिसेत्स्की हे आडनाव आणि बॅलेचा वर्ग एकत्र आले की बोल्शोयच्या माया प्लिसेत्स्कायाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. लेखिकेच्या मनात ती होती की नाही, ते ती जाणे.) लिलिया त्याच्याकडून सौंदर्य मागते, पूर्वीचा आपण मोडून नव्याने घडण्याची तयारी मागते, आणि जिंकता येणार असेल तर देह-आत्मा काहीही घ्या, अशा आवेशात तो होकार देतो. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असा हा सौदा आहे. हे शरीर आणखी वर्षभराने असे राहणार नाही, उंची वाढेल, उड्यांचा तोल बिघडेल, हे त्याला माहीत आहे. त्याला जिंकायचे आहे ते आत्ताच, आणि त्याची ही घाई व्यर्थ नाही.

या घाईमागचे वास्तव मालिकेबाहेर आहे. २०१४ मध्ये सोचीला युलिया लिपनित्स्काया ही १५ वर्षांची मुलगी रशियाच्या सांघिक सुवर्णपदकाची मानकरी ठरली. तिच्या लाल पोशाखातल्या रचनेने जग हरखले. २०१७ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, ती निवृत्त झाल्याचे जाहीर झाले आणि अ‍ॅनोरेक्सियावर तिने उपचार घेतल्याचेही. २०२२ मध्ये बीजिंगला कमिला व्हालिएव्हा, तीही १५चीच, उत्तेजकाच्या प्रकरणात सापडली आणि साऱ्या जगासमोर बर्फावर पडत-उठत चौथी आली. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा १५वरून टप्प्याटप्प्याने १७वर नेण्याचा निर्णय घेतला. २०२३-२४च्या हंगामात ती १६ झाली, २०२४-२५पासून १७. म्हणजे आजच्या नियमांनुसार पंधरा वर्षांचा युरी प्लिसेत्स्की बार्सिलोनाच्या बर्फावर उभाच राहू शकला नसता. त्याच्या मॉस्कोच्या स्पर्धेचेही तेच. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियन स्केटपटूंना आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळण्यात आले आणि ग्रां प्री मालिकेतला रशियाचा टप्पा गेला. २०१६ची ही मालिका पाहताना वाटते की, अवघ्या काही वर्षांत एक काळ संपला. त्या काळाच्या निष्पापपणावर फार विश्वास ठेवू नये, हेही वाटते. लिलियाने जे मागितले ते सुंदर होते म्हणून त्याची किंमत कमी होत नाही, आणि मालिका त्या किमतीपाशी पुरेशी थांबत नाही, असे माझे मत आहे.

मॉस्कोच्या भागात मात्र एक अतिशय हृद्य जागा आहे. फ्री स्केट फसून चौथा आलेला, व्हिक्टर जवळ नसलेला कात्सुकी रात्री रस्त्यावर एकटा भटकत असताना प्लिसेत्स्की त्याला गाठतो, मागून लाथ घालतो (लाथ ही त्याची पत्र पाठवण्याची रीत असावी) आणि वाढदिवसाची भेट म्हणून हातात एक पुडके कोंबतो. त्यात आजोबांनी केलेली पिरोश्की आहे, म्हणजे रशियन भरली पाव-कचोरी म्हणा हवे तर. आत सारण आहे कात्सुदोनचे. ज्या शब्दाने तो आजवर हिणवत आला, तोच शब्द आजोबांच्या हातून पदार्थ होऊन आला आहे. अगापे म्हणजे काय, हे धबधब्याखाली जेवढे कळले नव्हते तेवढे येथे कळते.

ओताबेक आल्तिन या कझाक स्पर्धकाशी होणाऱ्या त्याच्या मैत्रीविषयी मी थोडक्यात आवरते. मोटारसायकलवरून येणारा हा अबोल मित्र मालिकेने घाईघाईत आणला आहे, आणि तो लोकप्रिय झाला तो चित्रणामुळे कमी, पोकळी भरण्याच्या चाहत्यांच्या हौसेमुळे जास्त. फक्त एवढेच की, सोचीत कझाकस्तानला कांस्यपदक मिळवून देणाऱ्या डेनिस तेनची जुलै २०१८ मध्ये अल्माटीत हत्या झाली. त्यानंतर त्या देशाचा ध्वज खांद्यावर घेतलेला कोणताही स्केटपटू, चित्रातला का होईना, पूर्वीसारखा पाहता येत नाही.

बार्सिलोनाच्या अंतिम स्पर्धेत शॉर्ट प्रोग्रॅममध्ये अगापे सादर करून प्लिसेत्स्की ११८.५६ गुण मिळवतो आणि व्हिक्टरचा विक्रम मोडतो. फ्री स्केटमध्ये कात्सुकी २२१.५८ गुण मिळवतो आणि व्हिक्टरचा दुसरा विक्रम मोडतो. एका गुरूचे दोन विक्रम दोघा युरींनी असे वाटून घेतलेले आहेत. बेरजेत प्लिसेत्स्की ३१९.५३ आणि कात्सुकी ३१९.४१. फरक ०.१२. तेव्हाच्या गुणपद्धतीत नऊ पंचांपैकी सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण वगळून उरलेल्या सातांची सरासरी घेत. चौपट उडीच्या दर्ज्यासाठी एका पंचाने एक पायरी वर-खाली केली, तर त्या सरासरीत सुमारे ०.१४चा फरक पडे. म्हणजे एका माणसाने एका उडीकडे किंचित निराळ्या मनःस्थितीत पाहिले असते, तर सुवर्णपदक दुसऱ्या युरीच्या गळ्यात गेले असते. लेखिकेने दोघांनाही खूश ठेवण्यासाठी ही तडजोड केली, असे म्हणणारे आहेत. मला तसे वाटत नाही. या खेळात अशा गोष्टी घडतात. २०१४च्या सायतामातील विश्वविजेतेपद स्पर्धेत युझुरु हान्यु आपल्याच देशाच्या तात्सुकी माचिदाच्या पुढे राहिला तो ०.३३ गुणांनी. आणि कल्पिताच्या पुढे वास्तव कसे निघून जाते पाहा: मालिका संपल्यावर चारच महिन्यांत, एप्रिल २०१७ मध्ये हेलसिंकीला याच हान्युने फ्री स्केटमध्ये २२३.२० गुण मिळवले, कात्सुकीच्या कल्पित विक्रमापेक्षा अधिक.

पण गुणांपेक्षा महत्त्वाचे काय घडते, ते सांगायला हवे. आपल्या फ्री स्केटपूर्वी प्लिसेत्स्कीच्या ध्यानात येते की, व्हिक्टर पुन्हा स्पर्धेत उतरणार आणि कात्सुकी निवृत्त होणार. आणि मग त्याच्या मनातून आपल्याला प्रथमच कळते की, वर्षापूर्वी सोचीत त्याने कात्सुकीला पाहिले होते. उड्या चुकत होत्या, सगळे कोसळत होते, पण त्या पडझडीतली पावलांची एक मालिका पाहून हा मुलगा खिळून राहिला होता. सहाव्या आलेल्या माणसात काय आहे, ते सभागृहात त्याला दिसले होते. आणि तो माणूस स्वच्छतागृहात बसून रडत होता. दारावरची लाथ त्या अपेक्षाभंगाची होती. आता हा पुन्हा सोडून जायला निघाला आहे. आत्ता थांबलास तर जन्मभर पस्तावायला लावीन, अशा आशयाची धमकी मनातल्या मनात देत तो स्केट करतो आणि शेवटी बर्फावर गुडघे टेकून रडतो.

पहिल्या भागात जो निवृत्त हो म्हणाला, तोच बाराव्या भागात निवृत्त होऊ नकोस म्हणतो आहे, आणि दोन्ही वेळा त्याला एकच म्हणायचे आहे. सहृदय या शब्दाची फोड आपण वर्गात किती वेळा करतो! त्यात मैत्री गृहीत धरलेली असते. येथे सहृदय आहे तो वैरी.

सांगलीच्या तिच्याविषयी सांगते म्हटले होते. एम.ए. झाल्यावर सेटच्या परीक्षेची तयारी आम्ही एकाच ग्रंथालयात, वेगवेगळ्या टेबलांवर करत होतो. दोन वर्षांत आमच्यात अभ्यासाबाहेरचे बोलणे जेमतेम दहा वाक्यांचे झाले असेल. घरची परिस्थिती अशी होती की, मी एका बँकेतली कारकुनाची जागा घ्यायचे जवळजवळ ठरवले होते. पुस्तके परत करायला गेले तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती. तिला कोणाकडून तरी कळले होते. ती रागाने पांढरी पडली होती. तुझा केशवसुतांवरचा निबंध मी उतरवून घेतला आहे, ती म्हणाली, आणि तू बँकेत जातेस? मला तो निबंध तिच्या खाली ठेवलेला आठवत होता. तिने तो कधी, कोणाकडून मिळवला, मी विचारले नाही. तिने माझ्या हातातली दोन पुस्तके काढून घेतली, स्वतःच्या कार्डावर पुन्हा नोंदवली आणि माझ्यापुढे आपटली. आम्ही मैत्रिणी तेव्हाही झालो नाही. ती आता दुसऱ्या विद्यापीठात आहे. एखाद्या परिसंवादात भेट झालीच, तर माझ्या निबंधाला ती पहिला आक्षेप घेते आणि बहुधा तो बरोबर असतो.

मालिकेचा पुढचा चित्रपट, ‘आइस अ‍ॅडोलेसन्स’, जाहीर झाला होता. २०१९ मध्ये येणार होता, लांबला, आणि एप्रिल २०२४ मध्ये मापाने तो रद्द झाल्याचे सांगितले. त्यामुळे प्लिसेत्स्कीची उंची वाढली का, आवाज फुटला का, त्या उड्या वाढलेल्या अंगानिशी पुन्हा जमवाव्या लागल्या तेव्हा त्याने काय केले, हे आपल्याला कधी कळणार नाही. उरते ते शेवटचे दृश्य. कात्सुकीने खेळत राहायचे ठरवले आहे आणि तो पीटर्सबर्गला सरावासाठी आला आहे. नदीवरच्या पुलावर व्हिक्टर आणि तो मुलगा त्याची वाट पाहत उभे आहेत. कात्सुकी धावत त्यांच्याकडे जातो. एका गटात दोन युरी.